अकरा सह्या

दिनांक १४ डिसेंबर

प्रिय धाकट्यास,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

अकरा वर्षांनी लिहीत आहे, तेव्हा अक्षर ओळखशील की नाही, शंका आहे. माझी प्रकृती ठीक आहे. थंडी वाढली आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला.

वहिनीच्या नावे आलेले तुझे पत्र मी उघडले. दुसऱ्याचे पत्र उघडू नये, हे लहानपणी तुला मीच शिकवले होते. तू लिहितोस, ‘वहिनी, तुम्ही निवृत्त झालात, म्हणून यंदा शाळेऐवजी घरच्या पत्त्यावर लिहितोय. चोवीस तारखेला आम्ही तिघं येतो. दादाला सांगू नका, नाहीतर बाहेरगावी काम काढेल.’ खाली तुझ्या मुलीने विचारले आहे, ‘काकू, काकांना दाढी आहे का?’ दाढी नाही. तिला कळव.

दरवर्षी नाताळकार्डावर माझी सही पाहून धीर येत असे, असेही तू लिहिले आहेस. त्याबाबत खरे सांगणे माझे कर्तव्य आहे. ऑक्टोबरअखेर तुझी वहिनी तीसेक कार्डे लिहून माझ्यापुढे ठेवत असे. “साहेब, सह्या करा नि मोकळे व्हा. नावं वाचत बसलात तर कार्डं पुढच्या नाताळाला पोचतील.” कार्यालयात मी एकाही कागदावर न वाचता सही केली नाही, घरी मात्र ती बोट ठेवील तेथे करत गेलो. पाकिटे तीच भरी. त्यांत एक तुझे असे, हे मला तुझ्या पत्रावरून कळले. तुझे लग्न चर्चमध्ये झाले नाही, म्हणून मी आलो नाही, आणि पुढे या घरात तुझे नाव काढू दिले नाही. तिने काढलेही नाही.

आता, जे पहिल्या ओळीत यायला हवे होते ते. तुझी वहिनी दोन डिसेंबरला गेली. सकाळी कार्डे टपालपेटीत टाकून आली, खुर्चीत बसली, पाणी मागितले. मी पेला घेऊन आलो तेव्हा ती नव्हती.

तुझा पत्ता नव्हता, असे लिहिणार होतो. पत्ता तिच्या वहीत होता आणि वही टेबलावर. दफनाला तू आला असतास, तर सर्वांदेखत मला तुझ्याकडे पाहावे लागले असते. म्हणून कळवले नाही. तिचे अखेरचे दर्शन मी तुझ्यापासून हिरावले.

पाळकसाहेब म्हणाले, “यातही देवाचा हेतू असेल.” मी त्यांना फाटकापर्यंत पोचवले. तिच्या जाण्यात हेतू होता, हे मला आजही मान्य नाही. परंतु न वाचता केलेल्या माझ्या अकरा सह्या तुझ्या घरी पोचल्या, हे माझे कर्तृत्व नव्हे, आणि केवळ तिचेही नसावे. त्याहून अधिक मला समजत नाही.

हल्ली दिवसभरात तोंडातून एकच शब्द निघतो, सकाळी दूधवाल्यापाशी: “अर्धा.”

हे वाचून बेत रद्द केलास, तर तुला बोल लावणार नाही. पण निघालात, तर दार मी उघडेन. काकू उघडणार नाही, हे मुलीला गाडीत बसण्यापूर्वीच सांग. दारात ते मला सांगता येणार नाही.

या.

तुझा
दादा