विषय: यादीतून नावे कमी करणेबाबत

२ नोव्हेंबर २००३, रविवार. गुडगाव

परवा रिटायर झालो, काल सरकारी क्वार्टरची किल्ली परत केली आणि आज मुलाकडे, राघवच्या दहाव्या मजल्यावरच्या घरात मुक्काम! अडतीस वर्षं दिल्लीत आवक-जावक विभागात टपालाचे शिक्के मारले, आता ऊन खात बसायचं. कुमुदिनीने आल्या आल्या बाल्कनी काबीज केली आणि सूनबाईला, म्हणजे संपदाला, लोणच्याच्या बरण्या हलवायला लावल्या. नवऱ्यावर अडतीस वर्षं हुकूम चालवला, आता सून मिळाली आहे. समोर म्हणे परवापरवापर्यंत मोहरीची शेतं होती, आता क्रेनच क्रेन. टॉवरमधली निम्मी घरं अजून रिकामी आहेत.

आमची नात मयुरा आठ वर्षांची. तिनेच मला घर दाखवलं. ही खोली बिल्कुल आपली, म्हणाली. राघवने कॉम्प्युटर दिला आणि माझ्या नावाचा ई-मेल पत्ताही काढून दिला. चला, म्हाताऱ्याला परत टेबल मिळालं! फार बरं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

टपाल उघडलं तर चाळीस पत्रं, आणि ओळखीचं एकही नाही. वजन उतरवा, टक्कल घालवा, लॉटरी लागली. शिवाय पुरुषांच्या कसल्या गोळ्या, शी! मयुरा शेजारीच बसलेली. काही पत्रं तर चक्क कुमुदिनीच्या आणि मयुराच्या नावाने. पोरीने खेळाच्या कुठल्याशा साइटवर आम्हा तिघांची नावं आणि माझा पत्ता भरून ठेवला होता.

संध्याकाळी राघवने वर्ग घेतला. नुसतं उडवायचं, बाबा. उत्तर अजिबात द्यायचं नाही, नाव काढा एवढंही लिहायचं नाही. उत्तर गेलं की त्यांना कळतं की इथे माणूस राहतो. मग पत्ता पक्का होतो आणि दहा जणांकडे जातो.

हात्तिच्या! उत्तराविना पत्र टेबलावर ठेवून मी एकदाही घरी गेलो नाही. कालची पोरं मला टपाल शिकवणार!

८ नोव्हेंबर, शनिवार

आज एक वेगळं पत्र आलं. जाहिरात नाही, चित्र नाही. अदबीने एवढंच विचारलेलं, की या पत्त्यावर कोण कोण राहतं?

मी रीतसर अर्ज टाइप केला. आम्हाला अशी पत्रं नकोत, तरी खालील नावे यादीतून कायमची कमी करावीत. १. कुमुदिनी, २. मयुरा, ३. पद्माकर. स्वतःचं नाव शेवटी, सही करणाऱ्याची तीच रीत. दहा मिनिटांत पोच! अर्ज मिळाला, क्रमाने कार्यवाही होईल. याला म्हणतात ऑफिस. राघवला बोललो नाही, उगाच लेक्चर देईल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कचरा थांबला! काल तीन पत्रं, आज एकही नाही. अर्जाची ताकद ही अशी असते.

मात्र गेटवर गार्डने कुमुदिनीला अडवलं. रजिस्टरात तिचं नाव नाही म्हणे. माझं होतं. रात्री संपदाने ताटं चारच घेतली. विसरले, म्हणाली. मीठ विसरतात, सासू कशी विसरते?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दाल में कुछ काला है. कुमुदिनी काही विचारते आणि राघव-संपदा दोघं उत्तरच देत नाहीत. आज राघव भाजी खाताना म्हणाला, आई असती तर तिला आवडली असती. आई समोर बसलेली! मी ताटावरून उठलो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, पण इतक्या लवकर? हिला घराबाहेर काढायचा बेत दिसतो. गार्डलाही यांनीच पढवलं असणार.

ती म्हणते, जाऊ द्या हो, पोरं दमलेली असतात. तिचा आवाज फार बसला आहे. मला कान जवळ न्यावा लागला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी फिरून आलो. कुमुदिनी नाही. कपाटातला तिचा कप्पा रिकामा. हॉलच्या भिंतीवर तिचा फोटो, चंदनाचा हार घातलेला.

मी राघवची कॉलर धरली. तो रागावला नाही. पाठीवरून हात फिरवत म्हणाला, बाबा, आईला जाऊन सहा वर्षं झाली.

आज सहाला तिच्या हातचा चहा प्यालोय मी!

नाटक म्हणावं तर तो रडत होता. खोटं रडणं बापाला कळतं.

कॉम्प्युटर लावला. एक पत्र. क्रमांक एक, नाव कमी केले.

मी केलं हे. माझ्या हाताने. कुमुदिनी, अगं —

मयुराने हळूच विचारलं, आजी कुठे गेली? तिला आठवते! घरात फक्त तिला. आणि यादीत दुसरं नाव —

१९ नोव्हेंबर

राघवने सांगितलं होतं तसं केलं, आता. उत्तर न देता पत्र उडवलं. वर जुना पत्ता बंद. नवा काढला, कोणाला दिला नाही. तासाभरात त्यावर पत्र. क्रमांक दोन, कार्यवाही सुरू.

संपदा बाहेर विचारत होती, हे छोटे बूट कोणाचे राहिले?

२० नोव्हेंबर

उत्तर देऊ नये. उत्तरानेच झालं हे. पण न देऊन पोर जाणार, तिचं काय?

दिलं. अर्ज मागे घेतो. जमत नसेल तर आधी माझं नाव घ्या, आत्ता, या क्षणी घ्या. पाया पडतो असंही लिहिलं. आयुष्यात कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं.

पोच आली. अर्जदाराचे नाव कमी करता येत नाही. आणखी नावे असल्यास कळवावीत.

२१ नोव्हें.

शाळेच्या बसने तिला घेतलं नाही. खोलीत आणून शेजारी बसवलंय. डाव्या हातात तिचा हात, उजव्याने लिहितो. नाव विचारतो, ती सांगते. परत विचारतो. परत सांगते, जरा हळू —

संपदा दारात आली. हसून म्हणाली, बाबा, एकटेच कोणाशी बोलताय? मयुराने मम्मी म्हणून हाक मारली. संपदाने वळूनही —

गेली. दार लोटून गेली. स्वतःची आई —

हात गरम आहे. आहे अजून. सोडणार नाही, घट्ट धरलाय, आणखी घट्ट — माझी बोटं माझ्याच तळव्याला —