वेंगुर्ल्याच्या बंदरावरचं आक्काचं हॉटेल

सोलापूर, पौष शुद्ध पंचमी, सन १९३१

आबा आज आक्काशी बोलले! लिहितानाही हसू येतंय.

नवरा गेल्यावर माझी ही थोरली बहीण वेंगुर्ल्याला मामाकडे राहिली. एकदा वादळामुळे आगबोट आलीच नाही, उतारू बंदरावर उपाशी अडकले. आक्कानं तिथंच चूल मांडून ज्वारीच्या भाकरी थापल्या, वर आपली शेंगाचटणी. दुसऱ्या दिवशीही लोक विचारत आले. मग झावळ्यांचं छप्पर झालं, आणि ‘सोलापूरकरणीचं हॉटेल’ हे नाव लोकांनीच पाडलं. पण विधवा लेक परक्या पुरुषांना जेवू घालते, म्हणून आबांनी तिचं नाव टाकलं होतं.

आज ती न कळवता आली आणि सरळ चुलीपाशी बसली. आबा जेवायला आले, तिला पाहून थबकले. आता माघारी फिरतील का? पण ते पाटावर बसले. तिनं भाकरी वाढली. आबांनी तुकडा मोडला. खरंच मोडला, मी पाहिला!

“तितं समदी भात खाणारी मानसं. भाकरी खात्यात व्हय?” त्यांनी ताटाकडंच बघत विचारलं.

“लई आवडीनं, आबा. एका खलाशानं तर च्यात बुडवून खाल्ली की!”

आबांना हसता हसता ठसका लागला. आक्का पाणी घेऊन धावली. तीही हसत होती, डोळे पुसत होती.

हात धुताना आबा म्हणाले, “हाटेलातनं समुद्र दिसतो का गं?”

“दारातनंच दिसतो.”

“मग मला दारापाशी बसव. येतो मी तुज्याबरोबर.”