मधला राजा

मामंजी, परवा कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक तुम्ही लावलेली राजांची वंशावळ बघायला घरी आले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण महाल भागात तुमचं नाव काढलं की लोक अजून आपलं घर दाखवतात. त्यांना मी चहा दिला, तुमचे कागद दिले, आणि ते गेल्यावर वाटलं, हे तुम्हाला सांगायला हवं होतं. म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा वाटलं होतं, सासरे सेक्रेटरिएटात कारकून, म्हणजे घरात साहेबांच्या आणि बदल्यांच्याच गोष्टी निघत असतील. इथे तर विषय निघायचा हजार-बाराशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात राज्य करून गेलेल्या एका घराण्याचा. त्यांचे ताम्रपट, म्हणजे गाव दान दिल्याचे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले लेख, कुठे शेतात, कुठे विहिरीच्या गाळात सापडायचे. प्रत्येक लेखात राजा आधी आपल्या बापाआजाचं नाव सांगणार, मग दानाचं. ती नावं एकमेकांना जोडून तुम्ही त्या घराण्याची वंशावळ लावत होता. ऑफिसातून आलात की पगडी खुंटीला आणि ओसरीभर कागद. कोण कुणाचा मुलगा हे जुळलं की तुमचा चेहरा असा व्हायचा, जणू घरातलंच एखादं लग्न ठरलं. दोन राजांच्या मध्ये मात्र जागा रिकामी पडत होती. पहिल्याला दुसऱ्याचा बाप म्हणावं तर मध्ये वर्षं फार जात होती. एका फुटक्या पत्र्यावर एक अर्धवट नाव होतं, ते तुम्ही त्या जागी बसवलंत. तो राजा तुमचा शोध. तुमच्याआधी कुणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. घरात आम्ही त्याला 'मधला' म्हणायचो. हाका मारूनही तुम्ही कागदांवरून उठला नाहीत की सासूबाई आतून म्हणत, "त्या मधल्यालाही घेऊन या जेवायला. त्याचंही पान मांडते."

ह्यांची नोकरी रेल्वेत, महिन्यातले कितीतरी दिवस बाहेरगावी. दुपारी घर रिकामं वाटायचं. पत्र्यावरच्या अक्षरांचा कागदावर ठसा घ्यायला मी शिकले ती त्यामुळेच. शाई आपल्या स्वयंपाकघरात व्हायची. तिळाच्या तेलाचा दिवा, त्यावर उपडी ठेवलेली वाटी, वाटीला धरलेली काजळी, आणि ती डिंकाच्या पाण्यात खलायची. पातळ कागद भिजवून पत्र्यावर बसवायचा, अक्षरांच्या खाचांत तो उतरेपर्यंत कुंचल्याने हलकेच ठोकायचा, मग शाईचा बोळा वरून फिरवायचा. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उगवतात. मला ते रांगोळीसारखं वाटायचं, आणि रांगोळीसारखंच मी एकदा एका पुसट अक्षराचा काना बोटाने सारखा केला. तुम्ही कागद उजेडात धरलात, खाली ठेवलात. "सूनबाई, दिसत नाही ते दिसत नाही. आपण देवाघरचे कारकून नाही, हरवलेलं भरून द्यायला." आवाज चढवला नव्हतात, पण त्या संध्याकाळी माझी एकही पोळी गोल झाली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही इतवारीतून एक भिंग आणलंत आणि ते माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलंत.

मग हिंगण्याच्या पुढच्या एका खेड्यातून बातमी आली, की तिथल्या कुणब्याच्या देवघरात लिहिलेला पत्रा पुजला जातो. आपण बैलांच्या रेंगीने गेलो. अजून दिसतं मला. ओट्यावर तुम्ही आणि घरधनी बसला आहात, घरधनी मान हलवून राहिले आहेत, 'तो आमचा देव हाये, परक्याचा हात लागू देत नाही.' तुम्ही हात जोडता, पुन्हा समजावता. तेवढ्यात दारातून त्यांची म्हातारी आई बाहेर येते, माझ्याकडे बघते.

"बाप्यांले तर मी हात लावू देतच नाही. ह्या बाईले पाहू देते. ये वं बाई, आंत ये. भिऊन काहून राहिली?"

देवघर अंधारं होतं. पत्र्यावर शेंदराचा थर. म्हातारीनेच तो तेलाने आणि चिंचेच्या कोळाने हळूहळू उतरवला, देवाला न्हाऊ घालावं तसा. मी कागद बसवला तशी ती जवळ सरकली.

"काय लिहून हाये वं यात?"

"एका राजाने गाव दान दिलं, त्याचं. आधी त्याच्या बापाचं, आजाचं नाव आहे."

"आन् मायचं?"

"ते नाही दिसत."

"मायवाचून जलमले का हे सारे?" ती म्हणाली आणि हसली. तिच्या हसण्याने माझा हात सैल पडला. ठसा मग स्वच्छ आला.

तो मी तिथेच वाचला होता, मामंजी. अक्षरं तुम्हीच शिकवली होतीत. परतीच्या वाटेवर तुम्ही गुंडाळी मांडीवर धरून बसला होतात, घरी जाऊन नीट उजेडात बघू म्हणत होतात, आणि मी नजर बैलांच्या शिंगांवर ठेवली होती. घरी तुम्ही वाचलंत, पुन्हा वाचलंत. पहिल्या राजाचं नाव, आणि त्यापुढे लिहिलेलं, की त्याचं दुसरं नाव अमुक. ते दुसरं नाव म्हणजे आपला मधला. पुढचा राजा या पहिल्याचाच मुलगा. मध्ये कुणी झालंच नव्हतं. पहिलाच खूप वर्षं जगला होता.

"ठसा तू घेतलास," तुम्ही म्हणालात. "तुला काय दिसतं?"

"तेच, जे तुम्हाला दिसतंय."

वंशावळ तेव्हा सीताबर्डीच्या छापखान्यात गेलेली. तो पत्रा त्या म्हातारीने दुसऱ्या कुणाला दाखवला नसता, आणि ठसा आपल्या घरात. दोन दिवस तुम्ही धड जेवला नाहीत. "काहून असं करता?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा तुम्ही नुसतं हात धुवून उठलात. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंघोळ करून छापखान्यात गेलात आणि त्या मधल्याला वंशावळीतून काढून आलात. मला वाटलं होतं, तुम्ही खचून परताल. तुम्ही तर आल्या आल्या भाकरी मागितलीत. ताटावर बसून म्हणालात, "एक माणूस कमी झाला, पण बापलेकांची गाठ पडली. मीच त्यांच्यामध्ये बसलो होतो." सासूबाईंनी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मग तुम्ही मला हाक मारलीत आणि छापील कागदाखाली 'ठसा : आमच्या सूनबाईंनी घेतला' असं लिहू का, म्हणून विचारलंत. मी पदर तोंडाशी धरून आत पळाले, तरी तुम्ही ते छापलंतच.

परवाचे प्राध्यापक सांगत होते, की नंतर त्या घराण्याचे आणखी पत्रे मिळाले, आणि तुमची वंशावळ कुठेही हलली नाही. तळातली ती ओळ वाचून त्यांनी विचारलं, "ह्या सूनबाई कोण?" मी म्हटलं, "मीच." ते उठून उभे राहिले. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. आता माझ्याही घरात सून आहे. तिला या गोष्टी ऐकवते, ती ऐकतेही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. घडी करून तुमच्या कागदांत सरकवून देईन. तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा समज दिली असतीत : तुम्ही केलंत ते बरोबरच होतं, पण जो कधी जन्मलाच नाही त्या मधल्याची मला अजून आठवण येते.