धक्क्यावर चालणारी गाडी

मी, छापखाना कामगारांचा निवृत्त पुढारी, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. अक्षर वाकडे येते, मत वाकत नाही. आयुष्यभर मालकांच्या दडपणाला भीक घातली नाही, तशी आता मुलांच्याही घालत नाही.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समान. अट शेवटच्या कलमात आहे.

२. पुस्तके छापखान्याच्या वाचनालयास. ज्यांनी नेलेली परत केली नाहीत, त्यांना ती माफ. पण वाचा तरी!

३. थोरल्या मेहुण्याने माझ्या गाडीला चारचौघांत 'पत्र्याचा डबा' म्हटले. त्याच डब्यातून मी त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी पोचवले. त्यास गाडीचा बिघडलेला भोंगा द्यावा. घरात एक तरी गप्प राहील.

४. गाडी. तेव्हा बाजारातली सर्वांत स्वस्त. आरसा एकच, काचा हाताने फिरवायच्या, रेडिओ नाही म्हणून मीच बोलायचो. थंडीत चोक ओढूनही रुसली की माझी पत्नी स्टिअरिंगवर आणि मागे मी व दोन्ही मुले. ती ओरडायची, "अहो, भाषण नंतर, आधी ढकला!"

मुलाने घेतलेली गाडीही आजची सर्वांत स्वस्तच. काचा आपोआप, मागचे दिसायला टीव्हीसारखा पडदा, पट्टा लावला नाही तर आरडाओरडा. तिच्या एअरबॅगपुढे मात्र मी हात जोडतो. आमच्या वेळी ती असती, तर गाडीच्या अपघातात गेलेला माझा जिवलग मित्र, छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी, आज इथे साक्षीदार असता. साध्या माणसाचा जीवही मोलाचा, हे बाजाराला फार उशिरा कळले. पण बॉनेट उघडावे, तर आत काळे झाकण. मालकालाच मज्जाव! आणि बंद पडली, तर ढकलायला कुणी लागत नाही. फोन केला की उचलून नेतात.

जुनी गाडी भंगारात द्यावी का, यावरून माझी मुले बोलेनाशी झाली आहेत. मुलगा म्हणाला, "ताई, नुसती जागा अडवलीय तिनं." मुलगी म्हणाली, "तूही अडवली होतीस. काढलं का तुला?"

म्हणून गाडी दोघांना मिळून. तिचा सेल्फ मी मेस्त्रीकडे काढून ठेवला आहे. नुसत्या चावीने ती चालू होणार नाही. दोघांनीच ती गॅरेजपर्यंत न्यावी, एक स्टिअरिंगवर, एक मागे. परतताना जागा बदलावी. मगच वकिलांनी घराचे कागद द्यावेत. पुढे ती भंगारात काढली तरी माझी हरकत नाही.

एक लक्षात ठेवा. मागच्याने "सोड क्लच!" असे ओरडल्याशिवाय ही गाडी कधीही चालू झालेली नाही.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ४ मार्च
सही: लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. शेजारीण, शिवणकाम
२. गॅरेजवाला मेस्त्री (प्लग साफ केलेत. धक्का दिला की चालू होईल.)