मोठ्याने वाचायला मनाई

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. लेकीने फोनवर तुला घाबरवलंच असेल, म्हणून खरं काय ते मीच लिहितो.

परवा ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी तिला आपली शाळेतली कविता मोठ्याने वाचून दाखवत होतो. तिसऱ्या कडव्याला जबड्याला आपोआप झटके येऊ लागले. मी रेटून वाचत राहिलो आणि फिट आली. पडलो कपड्यांच्या ढिगावर, त्यामुळे लागलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा लेक रडत होती.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, काहींना वाचण्यानेच फिट येते. फार दुर्मिळ आहे हे."

मी म्हटलं, "चला, या वयात काहीतरी दुर्मिळ जमलं!"

ते हसले. लेकीने मात्र घरी येऊन माझी पुस्तकं कुलपात टाकली.

ताई, शाळेत कविता तू पुढे म्हणायचीस, मी मागे. घंटा झाली तरी आपण थांबत नसू. ते सोडू? मुळीच नाही! गोळ्या वेळेवर घेतो. जबडा हलला की पुस्तक मिटायचं, एवढं डॉक्टरांचं ऐकेन. भीती वाटते गं, पण वाचणार.

तुझे गुडघे कसे आहेत? आपलं पाचवीचं पुस्तक तुझ्या ट्रंकेत असेल, ते पाठव. पाकिटावर लेकीचं नाव घालू नकोस, माझंच घाल.

तुझा हट्टी धाकटा