बटण दोनवरच राहील

रविवार, ३ मे १९९२. यावल.
आले: वायरलेस सेट चार, भाचा गिरधर याने धुळ्याला स्वतः बनवलेले, ३४० रु. सेल चोवीस (एका सेटला चार), ९६ रु.
एक सेट घरी, एक थोरल्या जाऊबाई झुंबरबाईंच्या गच्चीवर, एक तोतारामभाऊंच्या गिरणीत, एक केळीच्या बागेत ह्यांच्याजवळ. व्यापाऱ्याला आमचा फोन नंबर दिला. त्याची गाडी निघाली की मी बागेत कळवणार, मगच कापणी. कापलेले घड उन्हात पडले तर गेलेच. सगळी मदार माझ्यावर.

मंगळवार, ५ मे.
सेटचे बटण एक ते पाच. पाचवर केले की आपले बोलणे थेट बागेत ऐकू जाते, पण दोन दिवसांत चार सेल खलास. गिरधर सोबतच्या चिठ्ठीत लिहितो, बटण तीनवर ठेवा, म्हणजे प्रत्येकाचे दोघांना ऐकू जाईल, एक बंद पडला तरी दुसऱ्यावरून निरोप जाईल. दोन-दोन शेजारी कशाला? एक पुरे. सर्वांची बटणे दोनवर. मी झुंबरबाईंना सांगायचे, त्यांनी गिरणीला, गिरणीने बागेला.

शनिवार, ९ मे.
लोक चोरून बटण वाढवतात. मारुतीला वाहिलेला लाल दोरा चारही बटणांना आवळला. पाच शनिवार सोडायचा नाही. बघू कोण हात लावतो.

बुधवार, १३ मे.
झुंबरबाई दारात. माहेर धुळ्याकडचे, तोंडही तिकडचेच. म्हणे, बठ्ठास्नं बोलणं मना घरवरथीन जास, मंग सेल मनाच पहिले सरतीन ना! चार सेल दे. मी म्हटले, सगळ्यांचे निरोप तुमच्या घरावरून जातात म्हणून सेल सरत नाहीत, गिरणीशी गप्पा कमी करा. कपाटात चार आहेत. देणार नाही.

शुक्रवार, १५ मे. रात्री.
सकाळी नऊला व्यापाऱ्याचा फोन: गाडी येत नाही, कापू नका. हाका मारून घसा बसला. झुंबरबाईंचा सेट मेलेला. माझे बटण पाचवर केले असते तर थेट बागेत गेले असते. दोऱ्याला हात लावला. हात मागे घेतला. पाचांतला एकच शनिवार झालाय. कपाटातले चार सेल पदराला बांधून पायी निघाले. झुंबरबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. म्हणाल्या, उन्हाची कुठे गं? म्हटले, देवळात. सेल दिले असते तर त्या जिंकल्या असत्या.
बागेत पोचले तो दोनशे घड खाली. हे म्हणाले, दोरा तोडला असतास तर मारुतीने तुला फाशी दिली असती का? सगळ्या मजुरांदेखत. नास्तिक माणसाशी काय बोलणार?

सोमवार, २५ मे.
ह्यांनी सगळे दोरे कापले. गिरणीत आता फोन आला, व्यापाऱ्याला तो नंबर दिला. झुंबरबाईंनी आपले बटण एकवर आणले. त्यांना गिरणी जवळ, तेवढे पुरते. त्यांचे बोलणे आमच्या घरापर्यंत येत नाही. बचत म्हणे! मीच शिकवलेली.
माझे सेल दहा दिवस जसेच्या तसे. चौघांत पहिली मीच.
गिरधरला कार्ड टाकले: सेट उत्तम आहे. फक्त दिवसभर खरखर ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. आपले बटण किती फिरवले म्हणजे दुसऱ्यांचे बोलणे ऐकू येते, ते उलट टपाली कळवावे.