रोज हिरवा

३ जानेवारी, शनिवार
पुन्हा उदयसिंहच! फुप्फुसं थकलेल्या आम्हा म्हाताऱ्यांचा वाशीला वर्ग भरतो. शिकवणारी सुचिता विचारते, "पंप घेतल्यावर काय करायचं?" मी हात वर करेपर्यंत हे उत्तर देऊन मोकळे — "चूळ भरायची, मॅडम!" टाळ्या. रबाळ्याच्या कारखान्यात जन्म गेला, तरी साताऱ्याचा आवाज खणखणीत.

सुचिताने प्रत्येकाला तीन रंगांचा कागद दिलाय. हिरवा — नेहमीसारखं. पिवळा — धाप वाढली, कफाचा रंग बदलला. डॉक्टरांनी देऊन ठेवलेल्या गोळ्या सुरू करायच्या, तिला फोन करायचा. लाल — थेट हॉस्पिटल. रोज सकाळी ग्रुपवर आपला रंग कळवायचा.

६ जानेवारी
उदयसिंह — हिरवा. सगळ्यांच्या आधी. वर सूर्यफुलाचं चित्र!
मीही हिरवा.

१० जानेवारी, शनिवार
सुचिता मला म्हणाली, "आजोबा, शिट्टीसारखे ओठ करून श्वास हळू सोडा. मग तुमची ती कविता म्हणा, बघू दम किती पुरतो." चौथीतली नदीची कविता! तेव्हा अख्खं कडवं एका दमात. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे, वर्गभर चिंचेची सावली हलत असायची... आज यमकापर्यंतही पोचलो नाही. तर मागून उदयसिंह! उरलेल्या ओळी एका श्वासात! माझी कविता! "आमालाबी होती की ही, मास्तर!" मी कसला मास्तर, पोस्टात होतो. कविता म्हणतो म्हणून हे नाव यांनीच पाडलंय. टाळ्या चालू असतानाच खोकत बाहेर गेले. जावोत.

रिक्षात बायको, वैजयंती — "बघा जरा त्यांच्याकडे. तुमच्याच वयाचे ना?" घरच्या माणसानेही!

१३ जानेवारी, मंगळवार
कफ पिवळट. जिन्यात दोनदा बसलो. कागदाप्रमाणे गोळ्या घ्यायला हव्यात. वैजयंती म्हणाली, "सुचिताला कळवा हो." म्हटलं, थंडीचं होतं असं.
ग्रुपवर उदयसिंह — हिरवा. म्हणजे मी एकटाच नापास?
हिरवा पाठवला.

१५ जानेवारी
लिहितानाही थांबावं लागतंय. सातपर्यंत उदयसिंहांचा रंग नाही. आठपर्यंत नाही. काय बरं वाटलं मला! साडेआठला आला — हिरवा. सूर्यफूल नाही.
मग मीही. हिरवा.

१७ जानेवारी
उदयसिंहांच्या मुलीचा, उत्कर्षाचा फोन. आठवडाभर धापा टाकत होते, काल ॲडमिट केलं. ऑक्सिजनवर आहेत. गोळ्यांचं पाकीट तसंच, न फोडलेलं.
"किती सांगितलं काका, पिवळा टाका म्हणून. ऐकतायत कुठं! म्हणायचे, मास्तर रोज हिरवं हायेत, मी कसा मागं राहू?"

वैजयंतीकडे पाणी मागितलं. पहिली गोळी घेतली. ग्रुपवर लिहिलं — पिवळा. मंगळवारपासूनच पिवळा.